गवरीच्या पंगतीला

केरूनाना गोठ्यात जेवायचे. गवरी गाईसमोर पाट मांडून, मांडीवर ताट. कुणी हसलं तर म्हणायचे, "एकटीला घास जात नाय रे!"

नाना आमचे शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मंदा मालेगावला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपणही त्याच वर्षी सासरीच झालं. घरात बाईमाणूस नाही, करणार कोण? पण गवरी गाभण राहिली आणि नानांनी तिचं डोहाळजेवणच मांडलं. सरकी पेंड, गूळ, बाजरीची खिचडी, वर मेथीचे लाडू. गाय फुगून गोठ्याच्या दारात अडकायला लागली, तर नाना दारालाच नावं ठेवायचे.

गवरी व्याली. बादली भरून दूध, आणि खाणं बंद! बरगड्या वर आल्या, तरी दूध चालूच. नानांनी मिरच्या ओवाळल्या. तिच्यासमोर भाकरी चवीनं खाऊन दाखवली. भाकरी संपली, ती नानांचीच.

"बोलवा ग्रॅज्वेटला!" नाना ओरडले. ग्रॅज्वेट म्हणजे मी. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी., केमिस्ट्री, नोकरी अंबडच्या केमिकल कंपनीत. पदवी काय भिंतीला टांगायला घेतली? गेलो. गाईच्या तोंडाशी वाकलो आणि चक्रावलो. कॉलेजच्या लॅबमधल्या ॲसिटोनचा वास!

"नाना, हिला पाजलंत काय?"

"मी? तूच कंपनीतनं काय आणलं नाय ना?"

शेवटी गुरांचे डॉक्टर आले. शिरेतून ग्लुकोज देत म्हणाले, "व्याल्यावर दूध आधी वाढतं, भूक मागून येते. तोवर गाय अंगातली चरबी जाळते, त्याचा हा वास. आणि लठ्ठ गाईची भूक जास्तच मरते. गाभणपणी फार चारलंत."

"म्हंजी लय खाल्लं म्हणून उपाशी?"

"तसंच म्हणा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. खरं सांगतो, पदवी काही मदतीला आली नाही.

डॉक्टर निघाले तसे नाना फाटकापर्यंत मागे गेले. "सायेब, बाईमाणसाचं बी आसंच आसतं का?"

"अहो, मी गुरांचा डॉक्टर आहे!"

गवरीनं पुढे हिरव्या मक्याला तोंड लावलं. मला वाटलं, नाना आता पेढे वाटतील. तर ते मला ओढत एसटीडी बूथवर घेऊन गेले. "मालेगावला लाव. मंदीला इचार, जेवण जातं का."

"तुम्हीच विचारा की."

"मला नाय जमायचं."

मी विचारलं. मंदा पलीकडून म्हणाली, "येऊ का मी?"

चार दिवसांनी ती बाळाला घेऊन आली. गळ्याची हाडं वर आलेली. नानांनी गोठ्यातला पाट धुऊन चुलीपाशी मांडला, तिच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतःचंही वाढून घेतलं.

"खा गं. एकटीला घास जात नाय."

मंदानं भाकरी मोडली. "आन तुम्हाला जात व्हता का, नाना?"

नानांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात ठेवली. मी चपला शोधायला लागलो.