शिंकेनंतरचं 'नाही'

दोन भाषांची भेसळ करणाऱ्या माणसाचं कुठलंही वाक्य आणा, त्यात राज्य कुठल्या व्याकरणाचं ते मी अर्ध्या मिनिटात सांगतो! बावीस वर्षं डच-इंग्रजी मिश्रणावर संशोधन केलंय, चेष्टा नाही. माझा सिद्धांत साधा आहे: क्रियापद ज्या भाषेचं, शब्दांचा क्रमही त्याच भाषेचा. एवढं सोपं असूनही लोकांना कळत नाही, कारण लोक मूर्ख असतात.

त्यातले दोन नग माझ्याच घरातले. धाकटी बहीण टिनेके आणि तिचा नवरा क्लाइव्ह. तो लीड्सचा. इथं हॉलंडात, डेव्हेंटरमध्ये संसार थाटून बारा वर्षं झाली, पण दोघांनाही एक वाक्य एका भाषेत सुरू करून त्याच भाषेत संपवता येत नाही! वाक्य इंग्लंडच्या बंदरातून ऐटीत निघतं आणि आमच्या चिखलात रुततं.

जूनमध्ये दोघं वेल्सला गेली आणि घर माझ्यावर सोपवलं. तिसऱ्या दिवशी टिनेकेचा आवाजी निरोप आला. मांजराला खायला घाल, टपाल उचल वगैरे. शेवटचं वाक्य असं: 'काप' हे इंग्रजीत, 'शेडमागचं कुंपण' अर्धं इंग्रजी अर्धं डच, मग एक दणदणीत शिंक, आणि शिंकेनंतर डचमधलं 'नाही'.

म्हणजे 'कुंपण कापायचं नाही' की 'कुंपण कापायचं, नाही?'

"अरे, एक फोन करून विचार ना!" बायको म्हणाली.

"फोन अडाणी माणसं करतात, ब्रेख्त्ये."

"मग कर की!"

मी दुर्लक्ष केलं. क्रियापद इंग्रजी, म्हणून क्रम इंग्रजी. डचमध्ये नकार शेवटी येतो, इंग्रजीत क्रियापदाच्या आधीच, आणि आधी तर काहीच नव्हतं. तेव्हा हे शेपटीचं 'नाही' नुसतं लाडीगोडीचं. सिद्ध!

सात फुटी हिरवीगार भिंत होती ती. यंत्र आणलं आणि कमरेइतकी केली. जरा वाकडी झाली. सरळ करता करता घोट्यापर्यंत आली.

पलीकडे जुन्या न्हाणीच्या टबात शेजारी डोर्नबोस आणि त्यांची बायको आल्त्ये डुंबत होते. अंगावर फक्त टोप्या!

"नमस्कार!" म्हणत डोर्नबोस उठायला लागले.

"बसा! बसा!" मी किंचाळलो.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सात वर्षांनी तुमच्या बहिणीनं आम्हाला माफ केलं!"

"कशाबद्दल?"

"ते तिनं कधी सांगितलंच नाही. एक दिवस कुंपण लावलं, संपलं! आता तिनंच कापायला सांगितलं का?"

"अर्थात! माझ्याकडे पुरावा आहे," मी म्हणालो. मूर्खपणा म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा केक आला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कोंबड्या आल्या. आठवड्यानं डोर्नबोसांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या तीस खुर्च्या डच रीतीप्रमाणे गोलाकार मांडल्या गेल्या, त्यातल्या सतरा टिनेकेच्या बागेत! आणि टिनेके-क्लाइव्ह नेमके तेव्हाच परतले. तीस माणसं उठून हात मिळवायला धावली. डोर्नबोसनी टिनेकेला कडकडून मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून तिला घोट्याइतकं कुंपण दिसलं.

"दादा, मी काय सांगितलं होतं?"

"कापायला."

"नाही म्हटलं होतं मी! शेवटी! स्पष्ट!"

"पण टिनेके, क्रियापद इंग्रजी होतं. शास्त्राप्रमाणे नकार—"

"शास्त्र?" क्लाइव्ह बॅग आपटत म्हणाला. "अरे, निरोप देताना मी तिच्या शेजारीच बसलो होतो. इंग्रज असून मला कळलं!"

"तू तिचा नवरा आहेस. तुला सवय आहे."

"आणि तू भाऊ आहेस ना!"

तोवर एक कोंबडी माझ्या बुटावर बसली होती.

नवीन रोपं मीच आणून लावली. माणसाएवढी व्हायला सहा वर्षं लागतील म्हणे. टिनेकेच्या हुकमावरून दर शनिवारी पाणी घालायला जातो. डोर्नबोस खुर्ची घेऊन शेजारी बसतात आणि बोलतात. अगदी शुद्ध डच! एकही इंग्रजी शब्द नाही, प्रत्येक क्रियापद आपापल्या जागी. विषय एकच, त्यांचे गुडघे. आधी डावा, मग उजवा. दोन-दोन तास! सात वर्षांपूर्वी ते कुंपण का लागलं, हे आता टिनेकेला विचारावं लागत नाही.