रिसीवर बसवायचाय

आमच्या शेजारच्या मोघेकाकांना कुणी वेळ विचारली, की ते आधी विचारणाऱ्याकडे बघतात, मग स्वतःच्या घड्याळाकडे बघतात, मग घड्याळावर शर्टाची बाही ओढून घेतात आणि विचारतात, "कशाला पाहिजे?"

आता वेळ कशाला पाहिजे असते माणसाला? लोणचं घालायला? पण काकांना कारण लागतं. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी बिचारीने सांगितलं, "मुलाला ट्यूशनला पाठवायचंय." तर काका म्हणाले, "कुठे? शिकवतो कोण? बाकीची मुलं कुणाची?" बाईंना वेळ शेवटी आमच्या भिंतीवरच्या घड्याळात कळली, आणि तोवर ट्यूशन सुटली होती.

इंदूरला बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत आमची आणि त्यांची घरं चिकटून आहेत. दोन अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर काकांचं डोकं दिवसभर उगवत असतं. दूधवाला आला, उगवलं. पोस्टमन आला, उगवलं. मीटर वाचणारा यायच्या आधी ते स्वतः मीटर वाचून बसतात आणि तो चुकायची वाट बघतात. "यात काहीतरी पेच आहे, भिया," हे त्यांचं पालुपद. भिया म्हणजे आमचा इंदुरी भाऊ. टूथपेस्टबरोबर फुकट मिळणाऱ्या ब्रशमध्ये पेच. एका शर्टावर एक शर्ट फ्री असेल तर दोन पेच. दुकानदाराने हसून "बैठिये बाबूजी" म्हटलं की काका उभेच राहतात. एकदा माझ्या बायकोने, मेधाने, त्यांना पुरणपोळी दिली तर म्हणाले, "आज कोणता सण आहे?" सण नव्हता. उरली होती म्हणून दिली होती. तेव्हापासून मेधा आधी सण सांगते आणि मग वाटी पुढे करते.

काका मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. कोण किती वाजता फाटकातून आत आला, कोण खरंच आजारी आहे आणि कोण आजारी म्हणून सासुरवाडीला गेलाय, हे बघणं त्यांचं काम. म्हणजे संशय घ्यायचा त्यांना पगार मिळायचा. मिल बंद पडली, पगारही थांबला, पण संशय काही थांबला नाही. काकू गेल्यापासून तर घराच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी गल्लीतल्या कुणालाच घेतलेलं नाही. प्रसाद असो, वर्गणी असो, सगळं दारातल्या दारात. मूलबाळ नाही. आत काय आहे, याच्या गल्लीत नाना कथा. कुणी म्हणे मिलचं सोनं आहे. मिल कापडाची होती हो!

आता रिसीवर या शब्दाचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्या इंदूरच्या मिलवाल्या घरांमध्ये रिसीवर म्हणजे कोर्टाचा माणूस. मालकाने हात वर केले की कोर्ट मिलवर रिसीवर बसवतं. तो येतो, मोजमाप करतो, दारांना सील लावतो, आणि मग आतली टाचणीसुद्धा बाहेर येत नाही. काकांच्या मिलवर असा रिसीवर बसला त्या दिवशी काका खुर्चीच्या पाठीला स्वेटर टाकून फाटकाबाहेर चहाला गेले होते. परत आले तर ऑफिसला सील. स्वेटर काकूंनी विणलेला. "माझा आहे, देऊन टाका," म्हटलं, तर म्हणे कोर्टात अर्ज करा. काकांनी केला. अजून स्वेटर आत आहे आणि काका बाहेर. हे ते कुणालाही सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज बसतो.

आणि मला घ्यायचा होता तो रिसीवर म्हणजे होम थिएटरचा डबा. सिनेमा लावला की आवाज चहूबाजूंच्या स्पीकरांना वाटून देतो तो. तेव्हा देशात सगळंच नवीन येत होतं. मिलला कुलूप आणि जेल रोडच्या दुकानांत जपानी डबे, असा तो काळ. माझ्या साडूने असा डबा बसवला होता आणि चहाला बोलावून बोलावून त्याचे गडगडाट ऐकवत होता. मी विमा ऑफिसातला साधा माणूस, पण साडूपुढे किती दिवस मान खाली घालायची?

जेल रोडवरचा दुकानदार म्हणाला, "पहले बजट बोलो साब, फिर अपन रिसीवर बोलें." बजेट छोटं असेल तर डबा आणि स्पीकर सगळं एकाच खोक्यात, पण पुढे काही बदलायचं नाव काढायचं नाही. मधलं असेल तर रिसीवर वेगळा घ्या, आत्ता समोरचे स्पीकर लावा, मागचे दिवाळीला. आणि शौक मोठा असेल तर हा परदेशी, जो उचलून दाखवताना त्याच्याच कमरेत उसण भरली. छोट्या खोक्यावर वॅटचा आकडा एवढा होता की तेवढ्या विजेत आमची अख्खी गल्ली उजळली असती. मी म्हटलं, "हे खरं आहे का?" तर म्हणाला, "साब, आकडा तो खोके का है. आवाज मशीन का है." एवढा खरं बोलणारा दुकानदार बघून मलाच संशय आला. शेजाराचा गुण लागतो, दुसरं काय! शेवटी ठरलं की त्याचा माणूस येऊन खोली मोजेल आणि मग बोलू.

घरी येऊन मी अंगणाकडच्या खिडकीपाशी उभा राहून देवासला फोन लावला, मेधाच्या भावाला. लाइन खराब, त्यामुळे मी ओरडून बोलत होतो.

"रिसीवर बसवायचाच आहे रे, आता टळत नाही! नाही नाही, मोठा कसा झेपेल? घर केवढं आपलं! छोट्या घराला छोटा रिसीवर, असं म्हणाला तो... उद्या त्याचा माणूस येतोय घर मोजायला. मेधाला अजून सगळं नाही सांगितलं. आकडा ऐकला तर रडेल ती!"

भिंतीवर डोकं उगवलेलं मला दिसलं. त्यात काय नवीन? नवीन एवढंच, की काकांनी "फोन कुणाचा होता?" असं विचारलं नाही. ते हळूच खाली गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस टेप घेऊन आला. भिंती मोजल्या. "ये सोफा हटेगा," म्हणाला. "ये अलमारी भी जाएगी." मेधा सांगते, जाताना त्याला भिंतीपाशी काकांनी धरलं.

"किसने भेजा?"

"रिसीवरवाले ने, बाबूजी."

"कब बैठेगा?"

"सोमवार को बैठा देंगे."

काकांनी भिंत घट्ट धरली. मग मेधाकडे बघून म्हणाले, "तू जेवलीस का, बेटा?" मोघेकाकांनी! जेवलीस का! मेधा त्या प्रश्नाने इतकी दचकली की दुपारभर तिला काही सुचेना.

शनिवारी सकाळी काका आमच्या दारात. "शिलाई मशीन आहे ना तुमच्याकडे? मला जरा पडदे शिवायचेत." स्वतः उचलून, धापा टाकत घेऊन गेले. मग मिक्सर मागायला आले. मग म्हणाले, मृणालची पुस्तकं बघायला द्या, आजकाल काय शिकवतात बघतो. मृणाल म्हणजे आमची लेक, दहावीतली. ती खूश झाली, आणि पुस्तकं काय, गाइडंसुद्धा देऊन टाकली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर मेधा रिकाम्या देवघरापुढे कंबरेवर हात ठेवून उभी.

"देव नेले," ती म्हणाली.

"कुणी?"

"काकांनी. म्हणाले पॉलिश करून देतो. अहो, माणूस फिरला की काय? का आणखी काही आहे?"

आणखी काही म्हणजे काय ते तिने बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही, पण दोघांच्याही डोळ्यांपुढे शिलाई मशीन जुन्या बाजारात उभं होतं. मी चपला घातल्या. देव नेतो म्हणजे काय? मस्करी आहे?

दिवेलागणीला आम्ही काकांचं दार वाजवलं. मला वाटलं, नेहमीसारखं बोटभर उघडेल. तर दार पूर्ण उघडलं.

"आलात? चांगलं केलं. या, आत या. चपला राहू द्या, आत काढा. बाहेर कुणी नेईल."

आत मिलचं सोनं नव्हतं. मागच्या खोलीत दोन पलंग मांडून त्यावर धुतलेल्या चादरी घातल्या होत्या. खिडकीशी टेबल, टेबलावर मृणालची पुस्तकं नीट रचलेली, वर नवा बल्ब. कोपऱ्यात आमचं मशीन. पाटावर आमचे देव, पुढे मोगऱ्याची फुलं. स्वयंपाकघरातून खिचडीचा वास येत होता, भरपूर खिचडीचा.

"पोरीची दहावी आहे, म्हणून टेबल खिडकीजवळ," काका हळू आवाजात म्हणाले. "बाकीचं सामान आजच आणून टाका. कपडे, भांडी, जे हाती लागेल ते. सोमवारी सील लागलं की चमचा पण निघत नाही बाहेर. मला विचारा ना! आणि सुधीर, लाज नको वाटून घेऊस, भिया. एवढी मोठी मिल बुडते, तर तू आणि मी काय चीज आहोत?"

मेधा माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

"काका," मी म्हटलं, "तो रिसीवर नाही हो. हा रिसीवर म्हणजे डबा आहे. सिनेमाचा. आवाजाचा."

"आवाजाचा?"

"हो. आवाज मोठा करतो."

"आमच्या रिसीवरनं तर सगळा बंद केला होता," काका म्हणाले आणि पलंगावर बसले. जरा वेळाने त्यांनी संशयाने माझ्याकडे बघितलं. "खरं सांगतोस ना? की मला वाईट वाटू नये म्हणून बोलून राहिलायस?"

"देवाशपथ काका. घराला काही झालेलं नाही."

"मतलब, घर जात नाहीये?"

"नाही."

"वा! चांगलंच झालं की मग." ते चादरीवरून हात फिरवत राहिले. चादरीला एकही सुरकुती नव्हती. मग त्यांनी टेबलाकडे बघितलं, बल्बकडे बघितलं, आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "मग तुम्ही लोक इकडे येत नाही?"

मला हसू येत होतं, ते गेलं. इतकं वाईट वाटलं मला की मी देवांकडे बघत उभा राहिलो. उत्तर मेधाने दिलं.

"येणार तर आहोतच, काका. तो माणूस भिंती फोडून वायरी टाकणार. धूळ केवढी उडेल! हॉल बंदच राहील आमचा. मृणालने अभ्यास कुठे करायचा?"

वायरी भिंतीच्या कडेने, खिळ्यांवरून जाणार होत्या. तासाभराचं काम. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर मेधाने असं बघितलं की मी ते तसंच मिटलं.

काकांनी मान वर केली. "किती दिवस लागतील म्हणतो तो?"

"दोन दिवस म्हणालाय."

"दोन?" काका ताडकन उठले. तोंडावर एकदम रंग आला त्यांच्या. "दोन दिवसांत कोणता कारीगर काम संपवतो हो? फेकतोय तो! आज येईल, उद्या येणार नाही, परवा सामान कमी पडेल. लांबवणार, भिया." ते ताटं काढायला स्वयंपाकघरात गेले आणि आतून त्यांचा आवाज येत राहिला, "मी सांगतो ना, लांबवणार तो. महिना काढेल, महिना!"