एकोणीस भोकांचं हेलिकॉप्टर

आमच्या शेजारच्या गजभिये काकांनी आठ महिने खपून एक हेलिकॉप्टर बनवलं आणि ते पूर्ण झालं त्याच दिवशी तापवलेली सुई घेऊन त्याला भोकं पाडायला बसले.

मी वाटी परत द्यायला गेले होते. टेबलावर हातभर लांबीचं हिरवं हेलिकॉप्टर. पंखे, चाकं, काचा, आत माणसांना बसायची बाकडीसुद्धा. आणि काका एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेली सुई घेऊन त्याच्या पोटाशी वाकलेले.

"काका, अहो हे काय?"

"बसा सूनबाई. गोळीबार चालू आहे."

मी बसले. पुढची वीस मिनिटं त्यांनी दोन भोकं पाडली आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वाटी मी ओट्यावर ठेवून आले.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. वायुदलात हेलिकॉप्टरच्या पत्र्याची दुरुस्ती करण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर धायरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: 'मनोहर गजभिये. बेल एकदाच वाजवावी. ऐकू येतं.' ती वाचून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "माणूस भंडाऱ्याचा असेना का, पुण्यात मुरलाय."

जन्मभर फाटका पत्रा बघितल्यामुळे काकांना अख्खी वस्तू दिसतच नाही. तिला कुठे काय लागलंय एवढंच दिसतं. वाकडी बादली, पोचा आलेलं पातेलं, फुटकी फरशी, काहीही समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "आत की बाहेर?" मार आतून बसला की बाहेरून, हे कळल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नाही. माझ्या नवऱ्याच्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवून ते एकदा म्हणाले, "हा पडलेला नाही. ह्यावर कोणी तरी बसून होतं." नवरा हिंजवडीच्या कंपनीच्या बसने जातो, आणि तिथे बसायला जागा मिळत नाही. त्याने मान खाली घातली.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नव्या गाडीला पार्किंगमध्ये ओरखडा आला तेव्हा त्यांनी सगळा ठपका वॉचमनच्या सायकलवर ठेवला. बिचाऱ्याला कामावरून काढायची भाषा सुरू झाली. काका खाली आले, उकिडवे बसले, ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"आत की बाहेर?"

"म्हणजे काय?" सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे गाडी आत आणताना लागलं की बाहेर काढताना? रंगाचा भुगा मागच्या टोकाला जमून आहे, म्हणजे गाडी पुढे चालली होती. आणि ह्यात चुना आहे साहेब. सायकलला कोणी चुना लावते का?"

सगळ्यांचं लक्ष एकदम पांढऱ्या खांबाकडे गेलं. खांबावर हुबेहूब गाडीचा रंग होता. सेक्रेटरींनी त्यानंतर सहा महिने काकांना ओळख दाखवली नाही. वॉचमन मात्र दिवसातून दोनदा कडक सॅल्यूट ठोकतो.

हेलिकॉप्टरसाठी काकांनी अख्ख्या मजल्याला कामाला लावलं होतं. प्लॅस्टिकचे सुटे भाग कुरिअरने आले, पण बाकीचा माल, बहुतेकांना कारण न सांगता, आमच्या घरांतून गेला. बिर्याणीच्या डब्याची चंदेरी फॉइल हवी, कारण गोळी लागली की पत्रा कसा सोलवटतो ते त्यातूनच दिसतं. कुंड्यांना लावायचा गेरू हवा, डोंगरातल्या धुळीसाठी. उकळून उकळून काळा झालेला चहा हवा, तेलाच्या ओघळांसाठी. प्लॅस्टिक आतून कागदासारखं पातळ घासून घ्यायचं आणि मगच भोक पाडायचं. "नाहीतर ते भोक वाटते, जखम वाटत नाही," असं ते म्हणायचे. गोळी आत शिरते तिथे काठ आत वळतात, बाहेर पडते तिथे बाहेर फुलतात, हे मला आता इतकं पाठ झालंय की वडा तळताना फुटला तरी मी काठ बघते.

"काका, इतकं छान केलंत, मग त्याचा असा सत्यानाश कशाला?" मी एकदा विचारलं.

त्यांनी सुई खाली ठेवली. "दिवाळीच्या आधीच्या रविवारी जगताप वहिनी मला भेटायला येऊन राहिल्या आहेत. वाघोलीला असतात. जगताप माझा दोस्त. ह्याच मशीनमध्ये होता, ह्याच दारात बसलेला, तिथेच गेला. वहिनी आता कायमच्या मुलाकडे जर्मनीला चालल्या. त्या जायच्या आत त्यांना हे दाखवायचं आहे. जसं होतं तसं. एकोणीस भोकं. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"फोटो आहे का त्याचा?"

"फोटो काढायची परवानगी नव्हती," ते म्हणाले आणि कपाळावर बोट टेकवलं.

त्या रविवारची त्यांनी घेतलेली धास्ती साऱ्या मजल्याला दिसत होती. दाढी करताना दोनदा कापून घेतलं. दूधवाल्याला विचारलं, रविवारी नक्की दूध येईल ना.

आणि नेमकं बुधवारी त्यांच्या खालच्या मजल्यावर पाणी झिरपायला लागलं. बाथरूमची फरशी फोडणं आलं. ती धूळ हेलिकॉप्टरवर बसली तर चालणार नव्हती. ती चुकीची धूळ होती. म्हणून काकांनी ते एखादं तान्हं मूल आणावं तसं आमच्याकडे आणून कपाटावर ठेवलं. "दोन दिवस. हात लावू नका," एवढंच म्हणाले.

हे ते मला म्हणाले. सासूबाई तेव्हा चकलीच्या भाजणीसाठी गिरणीत गेल्या होत्या, आणि त्यांना सांगायचं मी विसरले. ही चूक माझी, ती मी आजही कबूल करते.

माझ्या सासूबाईंच्या दिवाळीच्या साफसफाईतून आजवर फक्त भिंती जागेवर राहिल्या आहेत. गुरुवारी संध्याकाळी मी बँकेतून घरी आले तेव्हा टीपॉयवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर हेलिकॉप्टर लखलखत होतं. काजळी नाही, गेरू नाही, चहाचे ओघळ नाहीत. आणि भोकं नाहीत. एकही नाही. गळक्या नळाला लावायचं ते मळून घ्यायचं लुकण सासूबाईंनी प्रत्येक भोकात दाबून भरलं होतं, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासलं होतं आणि गॅलरीच्या ग्रिलचा उरलेला हिरवा रंग वरून लावला होता.

"बघ," त्या समाधानाने म्हणाल्या, "एवढं हौसेनं केलेलं विमान उंदरांनी कुरतडून ठेवलं होतं गं. एकटा माणूस, सांगणार कोणाला? म्हटलं आपणच करून द्यावं."

मला ब्रह्मांड आठवलं. मी त्यांना जगताप वहिनींचं सांगितलं, एकोणीस भोकांचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि हातातला ब्रश तसाच धरून राहिल्या. घरात कोणाचंही चुकलं तर त्या तासभर बोलू शकतात. स्वतःचं चुकल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी उंदीर समजले गं."

शेवटी दोघींनी मिळून जायचं ठरवलं, पण त्याआधीच बेल वाजली. एकदाच. काका दारात.

त्यांनी टीपॉयकडे पाहिलं. आत आले. हेलिकॉप्टर उचललं, डोळे मिटले आणि पोटावरून, बाजूवरून, शेपटीपर्यंत अंगठा फिरवत नेला.

"ताई," ते म्हणाले, "हे काम तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" सासूबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "चुकलं हो माझं."

"काम सफाईदार आहे. हाताला लागत नाही." आणि दोन वर्षांत प्रथमच काका आमच्या सोफ्यावर बसले. एरवी ते उंबरठ्यातूनच बोलतात. "असंच मीही केलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. ते जसं बोलले तसंच लिहिते.

"मशीन परत आलं तेव्हा जगताप आत होता. त्याला उतरवलं. मग साहेब म्हणाले, गजभिये, परवा हे उडालं पाहिजे, वर डोंगरात माणसं अडकली आहेत. मी दोन दिवस पत्र्याचे तुकडे कापले, रिवेट मारले, रंग दिला. एकोणीस ठिकाणी. तिसऱ्या दिवशी मशीन उडालं. साहेबांनी पाठ थोपटली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते बाप्पा. पंधरा दिवसांनी मशीन तळावर आलं, तेव्हा वहिनी आल्या होत्या. हट्ट धरला, मला ते बघायचं आहे. नेलं त्यांना. त्यांनी सगळ्या बाजूंनी हात फिरवला. म्हणाल्या, इथे तर काहीच झालेलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगू? दाखवायला मीच काही ठेवलं नव्हतं. मग म्हणाल्या, तुम्ही सगळे मिळून खोटं बोलताय, आणि निघून गेल्या. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी तीन पत्रं टाकली. शेवटी ह्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलामार्फत निरोप पाठवला, की जायच्या आधी एकदा येऊन जा."

मला रडू येत होतं आणि सासूबाईंसमोर रडायची सवय नसल्यामुळे मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा सासूबाई उभ्या होत्या आणि पदर खोचत होत्या.

"सुई किती नंबरची घेता?" त्यांनी विचारलं.

शुक्रवार आणि शनिवार दुपार सासूबाई काकांच्या टेबलाशी होत्या. चकल्या मी केल्या, त्या कशा झाल्या ते विचारू नका. लुकण दगडासारखं घट्ट झालं होतं, त्यामुळे आधी हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने ते कोरून काढायचं आणि मग सुईने काठ वळवायचे. काका थकले की सासूबाई सुई घ्यायच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा तेज आहे. काका डोळे मिटून सांगायचे, "दाराच्या मागे, दोन रिवेट सोडून, थोडं खाली." वाद तर अखंड चालू.

"ताई, ह्याचा काठ बाहेर पाहिजे."

"मग आतून ढकला ना. माझी बोटं आत जातात का?"

काजळी धुतली गेली होती, तर सासूबाईंनी निरांजन लावून त्यावर ताटली धरली आणि नातवंडांसाठी धरायच्या तसं काजळ धरलं. कोरडं, बिनतुपाचं. काकांनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं? मी पेन्सिली उगाळून राहिलो होतो." शनिवारी संध्याकाळी एकोणिसावं भोक झालं. ते दाराच्या चौकटीपाशी होतं. ते काकांनी स्वतःच्या हाताने केलं, आणि सासूबाई उठून गॅलरीत गेल्या.

रविवारी अकराला जगताप वहिनी आल्या. बारीक, ताठ, फिक्या रंगाच्या साडीतल्या बाई. सासूबाई चिवड्याची ताटली घेऊन माफी मागायला म्हणून गेल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे. काकांनी नमस्कार केला. वहिनींनी मान हलवली आणि टेबलाकडे पाहिलं.

त्या बसल्या नाहीत. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून हेलिकॉप्टरच्या बाजूने फिरल्या. मग एक बोट पुढे केलं आणि एकेक भोकावर टेकवत नेलं. हळूहळू, एकही न सोडता. दाराच्या चौकटीपाशी बोट थांबलं.

"इथे?"

"इथे," काका म्हणाले.

"लगेच?"

"लगेच. त्याला कळलंही नाही वहिनी. मीच उतरवलं त्याला, चेहरा शांत होता."

वहिनींनी पिशवीतून मोबाईल काढला आणि नंबर लावला. पलीकडे मुलगा झोपेतून उठला असावा. वहिनी म्हणाल्या, "तिकडे आत्ता कुठे उजाडलंय माहितीये रे. ऐक. बाबांचं जे सांगितलं होतं ना, ते खरं होतं. हो. मी आत्ता बघितलं. मी तुला लहानपणापासून उलटं सांगत आले, की आपल्याला फसवलं. तसं नव्हतं." फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले.

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमची तिन्ही पत्रं आली होती. मी फोडली नाहीत."

"बरोबर आहे."

"फेकलीही नाहीत. पेटीत आहेत."

वहिनींनी खांद्यावरची पिशवी काढून खुर्चीला अडकवली आणि टेबलापाशी बसल्या.

"चहा ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि हे तुमच्यात कसे होते ते मला सगळं सांगा. मला आज घाई नाही."