अकरा वर्षं वाटेत असलेला राजीनामा

साताऱ्याच्या मसालेवाल्यांनी फोन करून सांगितलं, "तुमची मेलची पेटी भरलीय, आमची ऑर्डर परत येतेय," तेव्हा विष्णुपंतांना काळजी वाटायच्या आधी अभिमान वाटला. सांगलीच्या मार्केट यार्डात भाऊसोंच्या हळदीच्या पेढीवर ते दिवाणजी होते आणि वीस वर्षांत त्यांनी एकही मेल पुसला नव्हता. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा सालवार लावलेल्या होत्या.

कॉम्प्युटर बघणारा इंद्रजित नेमका उंब्रजला सासुरवाडीत होता. त्याने फोनवरूनच उपाय सांगितला.

"पंत, पुसायचं काय न्हाई, निस्तं हलवायचं. दोन हजार वीसच्या आधीचं समदं अर्काइव्हमधी टाका. तवर प्रोग्राम ऑफलाइन ठेवा. झालं की ऑनलाइन करा. त्यो कायतरी इचारंल, व्हय म्हणा."

"काय विचारेल?"

"कायबी इचारू द्या. तुमी व्हय म्हणा." मागून जेवायला हाक आली आणि फोन बंद झाला.

दुपारी तीनपर्यंत सगळं जुनं अर्काइव्हमध्ये गेलं. विष्णुपंतांनी ऑनलाइन केलं. प्रोग्रामने विचारलं, 'न पाठवलेला एक मेल आहे. पाठवू?' सांगितल्याप्रमाणे विष्णुपंतांनी हो म्हटलं.

दहाव्या मिनिटाला आतून हाक आली, "पंत, आत या. दार लावा."

भाऊसोंनी मोबाइल हातभर लांब धरला होता. "राजीनामा देताय?"

"मी?"

"ऐका. 'टेबल फॅन सगळ्यांकडे फिरतो, माझ्या टेबलाशी आला की मान वळवतो. हा अपमान सोसून मी उद्यापासून येणार नाही.'"

शब्द न् शब्द विष्णुपंतांचा होता, पण दोन हजार चौदाच्या मे महिन्यातला. दुसऱ्या दिवशी ते फक्त राहिलेला डबा न्यायला आले होते. भाऊसो म्हणाले, "या पंत, चहा घ्या." पंत काय ते समजले. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला, पद्माबाईंना सांगितलं, "मालकांनी राजीनामा फेकून दिला. म्हणाले, तुमच्याशिवाय पेढी चालायची नाही." यातलं दुसरं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, पण तेव्हापासून घरात तव्यावरची पहिली पोळी त्यांची झाली.

प्रत्यक्षात आदल्या दिवशी रागाच्या भरात त्यांनी 'पाठवा'ऐवजी शेजारचं 'नंतर पाठवा' दाबलं होतं. प्रोग्राम आजवर कधी ऑफलाइन गेलाच नव्हता, म्हणून त्याने विचारलंही नव्हतं.

"मालक, हे जुनं आहे. खाली तारीख बघा."

भाऊसोंनी पाहिली. "म्हंजी अकरा वर्षं तुमी राजीनामा दिऊन कामावर येताय?"

"मला वाटलं, तुम्ही वाचून सोडून दिलंत."

"आवं, वाचला असता तर मंजूर केला असता की! तवा माझा मेव्हणा रिकामा हुता."

"आणि आता?"

"आता त्यो जतला पाण्याचा टँकर चालवतोय, मजेत हाय. बरं, दोन हजार सोळाला साताऱ्याला कुठल्या हळदीचा नमुना धाडला हुता?"

"राजापुरी. अर्काइव्हमध्ये आहे."

"बगा! ह्ये दुसरं कोण सांगणार? पर राजीनामा लेखी आलाय, तवा माघारबी लेखी पायजे. सात वाजायच्या आत मेल आला तर ऱ्हावा. न्हाई आला तर मंजूर. मेव्हण्याचं पोरगं रिकामंच हाय."

बाहेर येताना पंतांना दिसलं, भाऊसोंनी हमालाकडून फॅनचं तोंड आधीच पंतांच्या टेबलाकडे वळवून घेतलं होतं. भरल्या डोळ्यांनी पंतांनी माघारीच्या दोन ओळी लिहिल्या, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर बंद करून घर गाठलं.

"आज स्वारी खुशीत?" पद्माबाईंनी विचारलं.

"मालकांनी राजीनामा फेकून दिला."

"अगंबाई, पुन्हा? तुमच्याशिवाय चालायचं नाही म्हणाले?"

"म्हणाले तर!" या वेळी ते निम्मं खरं होतं, म्हणून आवाज दुप्पट लागला.

इकडे पेढीवर, रागात चुकलेलं बोट आनंदातही त्याच बटणावर चुकलं होतं. सव्वासात झाले तरी भाऊसोंच्या मोबाइलवर काही आलं नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, पंतांचं टेबल पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला.

"यील की," ते हमालाला म्हणाले. "पंतांचं टपाल जरा सावकाशच येतंय."