झोपलेल्या बाटल्यांचे नाना

अख्ख्या भोर तालुक्यात चांगली वाईन कुठं मिळते हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच आहे, आणि त्यानं आयुष्यात वाईनचा थेंबही जिभेला लावलेला नाही.

हे आमचे दशरथनाना. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि नानांची भाड्याची गाडी बरोबर त्या दुकानाच्या तोंडाशी उभी असते. गिऱ्हाइकानं आधी गाडीला प्रदक्षिणा घालायची, मग आत यायचं. काही बोलावं तर नाना काच खाली करून म्हणतात, "अवो, सावली तुमच्याच दारात पडती, त्याला म्या काय करू?"

नाना बौद्ध, आणि पंचशील पाळणार म्हणजे पाळणारच. दारू नाही, खोटं नाही. खोकल्याच्या औषधाचासुद्धा आधी वास घेतात. पण दर जानेवारीत इंदूरचे कर्णिक साहेब तीन मित्रांना घेऊन पुण्यात गोल्फ खेळायला यायचे, आणि आठवडाभर गाडी नानांची. सकाळी गोल्फ, संध्याकाळी वाईन. परक्या शहरात चांगली वाईन शोधायचं काम साहेबांनी गमतीत नानांवर टाकलं. नानांना गंमत वगैरे कळत नाही.

दुकानात शिरले की त्यांचं पहिलं वाक्य, "झोपलेली दाखवा." दुकानदार दचकायचाच. मग नाना समजावून सांगायचे, की बाटली आडवी ठेवली तर बूच ओलं राहतं. उन्हातलं दुकान बाद. शेजारी स्पीकर वाजत असेल तर तेही बाद, "बिचारी झोपंल कशी?" शेवटचा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागायचा. "गाडीत बसताना एकमेकाला 'आदी तुमी, आदी तुमी' म्हनले, की वाईन चांगली. खिडकीवरनं भांडले, की दुकान खोडायचं!" उरलेल्या दुकानांची यादी त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतली आणि वर लॅमिनेशनही केलं. "आपल्याला पिन्याचं कळत न्हाई," ते म्हणायचे, "ठेवन्याचं कळतं."

गोल्फ मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "केवढं रान! पानी बघाल तर धो धो! आन् भाताची एक लोंबी न्हाई वो!" साहेबांना त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं, की एका कडेला निदान इंद्रायणी लावा.

एकदा साहेबांनी जाताना त्यांना एक बाटली दिली. "ठेवा, अजून तयार व्हायचीय. पुढल्या वर्षी उघडू." नानांनी विचार केला, द्राक्षाची म्हणजे फळाचीच की. आणि फळ कसं तयार करतात हे भोरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. मे महिन्यात त्यांनी ती माळ्यावरच्या आढीत, भाताच्या पेंढ्यात, आंब्यांच्या मधोमध नीट निजवली. दिवसाआड कूस बदलायचे, वास घ्यायचे. वर तापलेला पत्रा. एके दुपारी बूच उडालं आणि सगळी वाईन आंब्यांवर. नानांनी आंबे पाच पाण्यांनी धुतले, खरं काय ते घरोघरी सांगितलं आणि मगच वाटले. आमच्या आईनं खरं काय ते ऐकून घेतलं आणि रसाची तिसरी वाटी मागितली.

पुढे मित्र एकेक करून गळाले. कुणाचं हृदय, कुणाचा नातू. शेवटची तीन वर्षं साहेब एकटेच यायचे. यंदा त्यांचा फोन आला, गुडघ्यानं दगा दिला, गोल्फ संपला, आता येणं नाही.

या जानेवारीत नाना रोज गाडी धुवायचे आणि कुठंच जायचे नाहीत. नानी जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी वेल्ह्याला नांदते. गाडी दारातून हलत नव्हती आणि मला पहिल्यांदाच तिचा राग येईना. फार वाईट वाटायचं.

"साहेबांना नुसतं 'या' म्हणा की," मी म्हटलं.

"कामाबिगर साहेब मानसाला कसं बोलवायचं? कायतरी निमित्त नको व्हय?"

तासाभरानं त्यांनी फोन लावला आणि एका दमात म्हणाले, "साहेब, पानशेतला नवीन दुकान निघालंय. लई बाटल्या, समद्या आडव्या!" फोन ठेवला तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं. "खोटं बोललो की वो म्या. साहेब येतो म्हनले."

साहेब आले. हातात काठी. पानशेतला जाताना नानांनी मलाही ओढून नेलं, पाप वाटून घ्यायला. धरणाच्या कडेला गाडी थांबवून ते खाली उतरले आणि साहेबांच्या खिडकीशी हात जोडून उभे राहिले.

"साहेब, हितं दुकान न्हाई. म्या खोटं बोललो."

साहेबांनी शांतपणे काच पूर्ण खाली केली. "नाना, मी तरी कुठं पितो? डॉक्टरांनी बंद करून तीन वर्षं झाली."

"आन् त्या बाटल्या?"

"सगळ्या जावयाला. तो तुम्हाला फार मानतो."

"मंग तीन वर्सं दुकानं कशापायी हिंडलो आपुन?"

साहेब पाण्याकडे बघत म्हणाले, "हॉटेलात एकट्याला करमत नाही हो, नाना. गोल्फ आटोपला की कधी एकदा तुमची गाडी येते असं व्हायचं."

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं, गाडीची स्वच्छ काचही पुसली. मग आम्ही तिघांनी तिथल्याच एका हॉटेलात पिठलं-भाकरी खाल्ली. हात धुताना नाना म्हणाले, "कोथरूडला एक दुकान बघायचं ऱ्हायलंय. उद्या किती वाजता येऊ?"

"सातला या," साहेब म्हणाले.

"अहो, दुकान अकराला उघडतं," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.