बरगडीखाली चार बोटं

हुसेनभाई पिंजारी ओळख झाल्यावर नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नसत. समोरचा माणूस डॉक्टर आहे एवढं कळलं, की जवळपासचा बाक बघून आडवे होत आणि सदरा छातीपर्यंत वर करत. "बगा," म्हणत. नगरच्या स्टेशनावर एकदा त्यांनी एका सुटाबुटातल्या गृहस्थांना असंच पोट दाखवलं. ते निघाले विम्याचे एजंट. तरी हुसेनभाईंनी त्यांना सोडलं नाही. आता हात लावलाच आहे तर नीट लावा, म्हणाले.

त्या पोटात दाखवण्यासारखं होतं हे मात्र खरं. हुसेनभाई जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे. बाप धनगरांची लोकर पिंजायचा, त्यामुळे पोराचं लहानपण मेंढरांत आणि मेंढरांच्या कुत्र्यांत गेलं. असल्या कुत्र्यांपासून कधीकधी माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ धरते आणि वर्षानुवर्षं मुकाट वाढत राहते. हुसेनभाईंचं यकृत त्या गाठीपायी बरगडीखाली चार बोटं उतरलं होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. ते गावोगाव हिंडून गाद्या भरत आणि दोन माणसांच्या भाकरी खात. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पोटाची आणि यकृताची दुखणी शिकवणारे आमचे सर होते. त्यांना हे पोट सापडलं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशातली गत झाली. तेव्हापासून वरच्या परीक्षेला बसणाऱ्या डॉक्टरांपुढे दर खेपेला हुसेनभाई 'केस' म्हणून झोपू लागले. खर्ड्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. अक्षरओळख नव्हती, पण डॉक्टरांना शिकवतात म्हणून मास्तर.

मीही त्यांचाच विद्यार्थी, आणि तोही नापास झालेला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरांच्या हाताखाली दोन वर्षं काढून मी परीक्षेला बसलो. हुसेनभाईंनी आधी माझा हात हातात घेतला. "गार हाय," म्हणाले. "चहाचा कप धरून या." परीक्षक हसले आणि माझं डोकं फिरलं. मी तसाच बरगडीखाली हात टेकवला, दाबला आणि ठणकावून सांगितलं, की हाताला काही लागत नाही. खाटेवरून बारीक आवाज आला, "खालनं वर या." मी तिकडे कानाडोळा केला. एका पिंजाऱ्याचं ऐकण्याइतका मी तेव्हा शहाणा झालो नव्हतो.

संध्याकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. तुमचा हात यकृताच्या अगदी वरच बसला होता, म्हणून त्याची कड लागली नाही, असं त्यांनी समजावलं. गादीत राहिलेली गाठ शोधायची तर गाठीवर बसून सापडत नाही, लांबून येत येत शोधावी लागते. "कंबरंपासनं सुरू करायचं. मानूस श्वास घील तसं वर सरकायचं. ते आपनहून हाताला येतं. घाई न्हाई." सहा महिन्यांनी मी पुन्हा बसलो, कंबरेपासून सुरू केलं आणि पास झालो.

लढाई संपल्यावर मी नगरला एका इस्पितळात लागलो. तालुक्यांच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांसाठी दर उन्हाळ्यात पोटाच्या दुखण्यांचा पंधरा दिवसांचा वर्ग काढला. शेवगावापासून जामखेडापर्यंतचे डॉक्टर येत. हुसेनभाईंशिवाय हा वर्ग चालणं शक्यच नव्हतं. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून ते काजळल्या तोंडानं उतरत आणि बरोबर एक शेगडी आणत. शेगडी डॉक्टरांच्या हातांसाठी. ऐन वैशाखात आठ डॉक्टर घाम पुसत शेगडीवर हात शेकताहेत, हे बघायला इस्पितळातल्या नर्सा दाराशी जमत.

चुकणाऱ्याला ते पुन्हा रांगेच्या शेवटी उभं करत. एखाद्याचा हात आवडला तर मला म्हणत, "ह्यांना पास करा." या वर्गाला परीक्षाच नाही, हे त्यांना सांगून सांगून मी थकलो. मात्र कुणी गावकरी आपलं पोट त्यांच्यापुढे करू लागला, की हात मागे घेत. "मी दाखवनारा. बगनारा न्हाई."

सगळ्यांत चमत्कारिक खूळ खांद्याचं. पोटाला हात लावण्याआधी डॉक्टरनं त्यांना उजवा खांदा दुखतो का, हे विचारलंच पाहिजे. जो विचारणार नाही त्याचा हात ते मनगटाला धरून बाजूला ठेवत. यकृतात पू झाला तर त्याची कळ कधीकधी उजव्या खांद्यात निघते, हे पुस्तकात आहेच. पण हुसेनभाईंच्या गाठीत पू नव्हता आणि खांदा ठणठणीत होता. मी एकदा वैतागून म्हटलं, की जे दुखत नाही ते विचारण्यात वेळ कशाला घालवायचा? "इचारायला काय जातं, डाक्टरसाब?" एवढंच म्हणाले. वय झालं की माणसाला अशी खुळं लागतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

इकडे गाठ वाढत होती. चार बोटांची पाच बोटं झाली. आमच्या सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ती फुटली तर माणूस हातचा जाईल, आताच ऑपरेशन करायला हवं. मी हुसेनभाईंना काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "औंदा वर्गाला कोन कोन येनार?" मी यादी वाचली. "आमच्याकडचे बापट डाक्टर न्हाईत?" नव्हते. "मग पुढल्या साली कापू."

असं तीन वर्षं चाललं. मी गाठीचं बोलायचं, त्यांनी यादी विचारायची. बापट डॉक्टर खर्ड्याच्या बाजूच्या एका खेड्यात होते, आणि सगळ्या पंचक्रोशीत डॉक्टर म्हणून ते एकटेच. बदली माणूस मिळत नाही, येता येत नाही, असं त्यांचं दर उन्हाळ्यात पत्र यायचं. मला वाटे, पोट गेलं की मास्तरकी गेली, म्हणून हा माणूस बापटांचं निमित्त काढतो आहे. मी त्यांच्यावर चिडलोही. चौथ्या वर्षी गाठ नुसत्या डोळ्यांनी दिसू लागली तेव्हा मात्र मला भीती वाटली. बापट आले तर कापून घ्याल का, असं मी सरळ विचारलं. त्यांनी शब्द दिला. मग मी माझ्या सहायकालाच पंधरा दिवस बापटांच्या दवाखान्यात बसवलं.

बापट आले. पन्नाशी उलटलेले, किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, माझ्याहून मोठे असून मला सर म्हणणारे. पहिल्या दिवशी सकाळी मी यकृतातल्या पुवावर बोललो, खांद्याच्या कळेचंही सांगितलं. बाकीचे भराभर लिहून घेत होते. बापटांची पेन्सिल मध्येच थांबली होती. उकाड्यानं जीव घाबरला असेल, असं मला वाटलं.

मग सगळे हुसेनभाईंच्या खाटेशी गेलो. बापटांनी हात शेकला आणि तो थेट बरगडीखाली ठेवला. माझीच जुनी चूक. आता मास्तर झाडणार म्हणून सगळे सरसावून उभे राहिले. हुसेनभाई रागावले नाहीत. त्यांनी बापटांचं मनगट धरून हात हलकेच कंबरेशी नेला आणि सोडून दिला. "हितनं, डाक्टर. दमानं."

हात श्वासागणिक वर सरकत गेला आणि एका जागी थांबला. "लागलं," बापट म्हणाले. त्यांचा चेहरा पाटीवर पहिलं अक्षर उमटलेल्या मुलासारखा झाला.

खांद्याचं त्यांनी विचारलं नव्हतं. नवल म्हणजे हुसेनभाईंनीही आठवण दिली नाही. मी पुढच्या डॉक्टरांना बोलावणार, तेवढ्यात बापट खाली वाकले. "हुसेनभाई, उजवा खांदा दुखतो का?"

हुसेनभाई छताकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. "माझा न्हाई, डाक्टर."

बापट खाटेच्या कडेवर बसले. त्यांनी हुसेनभाईंचा सदरा पोटावर ओढून सारखा केला. वर्गाला काही कळलं नाही. मलाही कळलं नाही.

दुपारी व्हरांड्यात हुसेनभाईंनी मला सांगितलं. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, रसूलबीला, ताप येऊ लागला आणि तिचा उजवा खांदा धरला. बापट तेव्हा नवे होते. चिखल तुडवत रोज घरी येत. खांद्याला मलम दिलं, तापाचं औषध दिलं. पोटाला हात लावायचं कुणाला सुचलं नाही. हुसेनभाई पंधरा दिवस तिचा खांदा चोळत बसले. सोळाव्या दिवशी ती गेली. का गेली, ते त्यांना पुष्कळ वर्षांनी मुंबईत कळलं. खाटेवर पडून होते आणि सर विद्यार्थ्यांना खांद्याच्या कळेचं सांगत होते, तेव्हा. मूलबाळ नव्हतं. घरी हे सांगायलाही कुणी नव्हतं.

मला माझी लाज वाटली. मग बापटांना इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"त्यांना सांगायचं म्हंजी गावाला कळनार. मग त्यांच्याकडं कोन गेलं असतं? आन तितं दुसरा डाक्टर हुता कुटं? मानूस भला हाय. त्येला कुनी शिकवलंच न्हाई. म्हनलं, माज्या पोटावर शिकंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता कापा."

ऑपरेशन नीट झालं. चार महिन्यांनी ते दाखवायला आले. बरोबर बापट होते, पण शेगडी नव्हती. हुसेनभाई आडवे झाले आणि त्यांनी सदरा वर केला. "बगा."

मी तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले. खांद्याचं विचारलं. न्हाई म्हणाले. कंबरेपासून सुरुवात केली आणि त्यांच्या श्वासाबरोबर सरकत सरकत पार बरगडीपर्यंत गेलो. इतकी वर्षं ओळखीची असलेली ती कड कुठंच नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण मी पुन्हा एकदा कंबरेपासून वर आलो.

"काय लागलं?" हुसेनभाईंनी विचारलं.

"काही लागत नाही," मी म्हटलं.

त्यांनी सदरा खाली केला, उठून बसले, आणि माझा हात थोडा वेळ हातात धरून ठेवला.

"आता बराबर," म्हणाले.