कॅमेऱ्याची खिट्टी

औषधाच्या बाटल्यांची बुचं तपासणारा कारखान्यातला कॅमेरा जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता आणि तो न्यायला आलेला ड्रायव्हर दारात उभा होता. कॅमेऱ्यावाचून काम ठप्प, त्यामुळे मॅनेजरचे फोनवर फोन. दुरुस्ती करणाऱ्या सुनेच्या कपाळावर घाम, आणि मदतीला लोकरी स्वेटर घातलेले सासरे, अप्पा.

आत काय काय असतं, हे अप्पांना नेमकं आत्ताच समजून घ्यायचं होतं. सुनेने हात न थांबवता सांगितलं, की भिंगामागच्या काचेखाली बारीक बारीक घरं असतात. ज्या घरावर जितका उजेड पडेल तितका विद्युतभार तिथे साठतो, त्याचे आकडे होतात आणि ही चपटी पट्टी ते आकडे मागच्या सर्किटपर्यंत पोचवते. निकाल तिथे लागतो. बूच नीट बसलेलं असेल तर हिरवा दिवा, वाकडं असेल तर लाल. पट्टी सैल झाली होती, म्हणून कॅमेरा आंधळा झाला होता.

"अप्पा, तुमच्या स्वेटरची एक ठिणगी इथे लागली तर सगळं संपलं. जरा लांब व्हा."

अप्पा लांब झाले, मान मात्र तिथेच राहिली. त्यांना शिंक आली. सून दचकली, चिमटा सटकला आणि पट्टी दाबून धरणारी प्लॅस्टिकची इवलीशी खिट्टी उडाली.

दोघं टेबलाखाली शिरले. मागोमाग ड्रायव्हरही. सासूबाई झाडू घेऊन आल्या तशी सून त्यांना आडवी गेली. फोन वाजतच होता. शेवटी खिट्टी सासूबाईंनाच दिसली. लोकरीतल्या विजेने ती अप्पांच्या पाठीला चिकटली होती.

सुनेने श्वास रोखून ती बसवली. लॅपटॉपवर चित्र उमटलं. तपासून पाहायला ठेवलेल्या बुचांपैकी खाली पडलेलं एक उचलायला अप्पा वाकले, त्यांचं टक्कल भिंगासमोर आलं आणि हिरवा दिवा लागला.

अप्पांचा चेहरा खुलला. ड्रायव्हरने कॅमेरा घ्यायला हात पुढे केला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "यांना पास करणारं यंत्र कुणालाही पास करेल."

सुनेने कॅमेरा पुन्हा पुढ्यात ओढला. तिने भिंगासमोर चमचा धरला. हिरवा. वाटी धरली. हिरवाच. उघडझाकीत कॅमेऱ्यातली नीट बुचाची मापं पुसली गेली होती, त्यामुळे त्याला काहीच वाकडं दिसत नव्हतं. वाकड्या बुचांच्या बाटल्या अशाच आजाऱ्यांच्या हाती गेल्या असत्या. लॅपटॉपमध्ये जपून ठेवलेली मापं तिने पुन्हा भरली. नीट बुचाला हिरवा, वाकड्याला लाल. खात्री म्हणून अप्पांनी आपणहून डोकं पुढे केलं. लाल.

ड्रायव्हर कॅमेरा घेऊन धावला. सुनेने खुर्चीत अंग टाकलं.

"मला विचाराल तर," टाळूवरून हात फिरवत अप्पा म्हणाले, "मघाशी जास्त चांगला चालत होता."